बोर्ड आला साडेसहा किलोचा

कुरियरच्या पावतीवर वजन स्पष्ट छापलेलं होतं : ६.४ किलो. पावतीवर सही मीच केली. खोक्यावरून ती नखाने सोलून फ्रिजच्या दारावर लावली आणि बारा दिवस येता-जाता तिच्याकडे बघत राहिलो. हवा भरून पाण्यावर उभं राहून वल्हवायचा अकरा फुटी बोर्ड, पंप, वल्हं, पिशवी, सगळं मिळून साडेसहा किलो कसं भरेल, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. हे लिहायचं कारण तेवढंच. ज्यांना गरवायचा नाद आहे आणि जे सध्या मोबाईलवर असल्या जाहिराती बघतायत, त्यांनी वाचावं.

मी कुडाळचा. कर्लीच्या खाडीत लहानपणापासून गरी टाकत आलोय, बहुतेक वेळा काठावरून, कधी कोणाच्या होडीतून. तारकर्लीला पर्यटकांसाठी ते उभं राहून वल्हवायचे बोर्ड आले, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा मासळीच आली. होडी कांदळवनाच्या मुळांपर्यंत जात नाही, बोर्ड जातो. इंजिन नाही, आवाज नाही. उभं राहिलं की पाण्यात आतवर दिसतं, चोणक कुठे वळला, बोयांचा थवा कुठे फुटला. पुढे आइसबॉक्स बांधला की बसायची सोय झाली आणि मासळीचीही.

पण मी बघितलेले चांगले बोर्ड ४५ हजारांच्या पुढेच होते. मग एक दिवस जाहिरात दिसली. गोव्यातलं वॉटर स्पोर्ट्सचं दुकान बंद होतंय, 'फिशिंग एडिशन' बोर्ड २२,५०० रुपयांना. फोटोत निळा बोर्ड, त्यावर दोन रॉड होल्डर आणि झाकणाला तडा गेलेला पांढरा आइसबॉक्स. त्या तड्यानेच माझा अर्धा विश्वास बसला. खोटा माणूस फुटका डबा कशाला दाखवेल?

उरलेला अर्धा विश्वास विकणाऱ्याच्या बोलण्याने बसला. मला गंडवणारा अडाणी नव्हता. 'दादा, तुमचं वजन किती? सामान धरून नव्वद किलो? मग ३२ इंचाखाली रुंदी घेऊच नका, मासा ओढताना डुचमळतो.' बरोबर. 'जाडी सहा इंच हवी, हवेचा दाब १५ पीएसआय.' बरोबर. 'खाडीत ओढ असते, लीश, म्हणजे आपल्याला बोर्डाशी बांधणारी दोरी, घोट्याला नको, कमरेला बांधा, एका झटक्यात सुटणारी. दोरी मुळांत अडकली तर माणूस पाण्याखाली राहतो.' हेही अगदी बरोबर, आणि हे सांगणारा मला पहिलाच भेटला. व्हिडिओ कॉलवर त्याने दोन खुर्च्यांवर बोर्ड आडवा टाकून मधोमध उभं राहून दाखवलं. फळीसारखा ताठ. तो बोर्ड खरा होता यात मला आजही शंका नाही. फक्त मला आला तो तो नव्हता.

९,००० आगाऊ, उरलेले माल निघताना. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, 'घरच्यांचं खातं आहे दादा, जीएसटी वाचवून देतो तुम्हाला.' इथे मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. तरी बिल त्याने पाठवलंच, त्यावर जीएसटी क्रमांकही. गोव्याचा क्रमांक ३०ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ने, हे मला नंतर कळलं. बिलावरचा ना ३०चा होता ना २७चा. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो क्रमांक टाकला की मालकाचं नाव दोन मिनिटांत दिसतं, फुकट. मी टाकला तेव्हा तो दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कापडदुकानाचा निघाला.

त्याची खरी करामत पुढे आहे. माल आल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला. 'दादा, पहिले आठ-दहा दिवस पूर्ण हवा भरू नका. अर्ध्या हवेवर सावलीत ठेवा, शिवण बसू दे.' नवं चामडी पायताण पायात बसवतात, तसं काहीतरी असेल असं मला वाटलं. असलं काही नसतं. पहिल्या दिवसापासून पूर्ण हवा भरता येते, भरायलाच हवी, तरच बोर्ड खरा की खोटा ते कळतं. परत घेण्याची मुदत होती सात दिवसांची. ती माझ्या पडवीत, सावलीत, अर्ध्या हवेवर निघून गेली.

बाराव्या दिवशी, पौर्णिमेनंतरच्या रविवारी, देवबागच्या खाडीच्या बाजूने पाण्यात उतरलो. पंपाचा काटा १२वर होता. (तो काटा कशानेही १२वर जायचा.) उधाणाचं पाणी दुपारी बाराच्या सुमाराला भरलं आणि मी मुद्दाम थांबलो, कारण सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कांदळवनातल्या ओहळांतून पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी येते आणि ओहळाच्या तोंडाशी तांबोशी टपून असते. होतीच. लागली ती सरळ मुळांकडे धावली. मी पाय रोवून रॉड मागे ओढला आणि बोर्ड माझ्या पायाखाली पुस्तकासारखा मिटला. मी पाण्यात. आइसबॉक्स बांधलेली कडी चिकटवलेल्या चकतीसकट उपटून आली, बॉक्स गेला, रॉड गेला. वर येऊन बोर्ड धरला तर कडेच्या शिवणीतून बुडबुडे.

देवबागला कर्ली समुद्राला मिळते. उधाणाच्या सुकतीला ते पाणी काय ओढतं, हे तिथल्या कोणालाही विचारा. त्यात दुपारचा वारा समुद्रावरून आत. पाणी बाहेर, वारा आत, म्हणजे मुखाशी लाटा उभ्या राहतात. मी अर्धवट फुसकी गादी छातीशी धरून तिकडे चाललो होतो. अंगावरचं लाइफ जॅकेट माझं स्वतःचं, जुनं होतं. त्याने बोर्डाबरोबर फुकट दिलेलं घातलं असतं, तर हे लिहायला मी असतो की नाही, माहीत नाही.

जाळी आवरून परतणाऱ्या एका काकांनी होडी वळवली. मला दंडाला धरून आत घेतलं आणि बोर्डाकडे बघून म्हणाले, 'झिला, ह्यां काय हाडलंस? सुकती लागली हा, आणि तू ह्या गादयेर बसान खंय चललंस?'

गादीच होती ती. घरी येऊन व्हॉल्व्ह उघडला, आत मोबाईलचा टॉर्च मारला. खऱ्या बोर्डात वरचं आणि खालचं कापड हजारो बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. म्हणून दाब वाढला तरी तो फुग्यासारखा न फुगता फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. त्याला ड्रॉप-स्टिच म्हणतात, आणि माझ्या बोर्डावर ते अक्षरं मोठी करून छापलेलं होतं. आत एकही धागा नव्हता. प्लास्टिकचे चार उभे पडदे, हवेच्या गादीत असतात तसले. एवढा खरा बोर्ड नुसताच सात-आठ किलोच्या खाली क्वचित भरतो. आणि फ्रिजवर पावती.

१९३०वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तो चौदाव्या दिवशी. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या काही तासांत फोन केला तर ते पुढे सरकायच्या आत अडवता येतात. पण मला तर फसल्याचंच बारा दिवसांनी कळलं, आणि पुढचे दोन दिवस लाजेत गेले. ऑनलाइन तक्रार झाली, पोलीस ठाण्यातही गेलो. तिथे त्या वस्तूला काय म्हणायचं यावर अर्धा तास चर्चा होऊन शेवटी 'रबरी होडी' अशी नोंद झाली. खात्यात अडकवलेली रक्कम निघाली १,१४० रुपये. बाकीची केव्हाच पुढे गेली होती.

मध्ये आणखी एकाचा फोन आला. 'ग्राहक मंचातून बोलतोय, पूर्ण रक्कम परत मिळेल, १,४९९ प्रोसेसिंग फी भरा.' माझी तक्रार त्याच्यापर्यंत कशी पोहोचली देव जाणे. मी फोन हातात घेऊन पिन टाकायच्या बेतात होतो. बायकोने हातातून काढून घेतला.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. निळा बोर्ड, दोन रॉड होल्डर, झाकणाला तडा गेलेला तोच आइसबॉक्स. दुकानाचं नाव नवं, भाव १९,९९९. मी भावाच्या फोनवरून विचारलं, 'पॅक केलेल्या खोक्याचं वजन किती?'

दोन निळ्या टिका आल्या. पाच मिनिटांनी त्याचा फोटो दिसायचा बंद झाला.