‘इंग्लिश ॲट वर्क’: प्लास्टिकच्या फळांच्या कंपनीतलं बोलकं इंग्रजी

बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या संकेतस्थळावरची ही जुनी श्राव्य मालिका फुकट आहे. प्लास्टिकची फळं विकणाऱ्या ‘टिप टॉप ट्रेडिंग’ या काल्पनिक कंपनीत ॲना नोकरीला लागते. मग मुलाखत, फोन, बैठक असे प्रसंग येत जातात. भाग पाचेक मिनिटांचा. शेवटी त्यातली कामाची वाक्यं पुन्हा ऐकवतात, संहिताही मिळते. विनोद बेताचे आहेत.

मालिका कामाला येते ती विनंतीच्या वाक्यांसाठी. मराठीत अदब क्रियापदातच असते: ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’. इंग्रजी ‘गिव्ह’ला ती सोय नाही, म्हणून आपण ‘प्लीज’ जोडून मोकळे होतो. पण ‘प्लीज गिव्ह मी द फाइल’ ब्रिटिश कानाला हुकूमच वाटू शकतो. तिथे ‘कुड यू गिव्ह मी...’ किंवा ‘वुड यू माइंड गिव्हिंग मी...’ हवं. दुसऱ्यात मेख आहे. प्रश्न ‘तुमची हरकत आहे का?’ असा असल्यामुळे होकार द्यायचा तर ‘यस’ नाही, ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचं. फोनवरच्या ‘आय ॲम अफ्रेड ही इज इन अ मीटिंग’मध्येही कुणी घाबरलेलं नसतं, ते नुसतं ‘माफ करा, पण’ आहे.

एसटी स्टँडवरच्या पुस्तिकांत देवनागरीत ‘कुड यू’ छापलेलं असतं. भरभर बोलताना त्याचं ‘कुजू’ होतं, ‘वुड यू’चं ‘वुजू’. हे ऐकल्याशिवाय कळत नाही. ‘वुड’मधल्या ‘व’ला ओठ गोल करायचे, खालच्या ओठाला दात लावायचे नाहीत.

उणिवा आहेतच. मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे दहावीपर्यंतचं इंग्रजी वाचता येत नसेल तर पहिल्याच भागात दम लागेल. सगळा मामला ऑफिसचा. औषधाचं दुकान, बँकेची खिडकी, रेल्वेची चौकशी यांसाठी वाक्यं आपणच बदलून घ्यायची.

नुसतं ऐकत सुटलं तर आठवड्याने काही उरत नाही. भाग आधी संहिता न बघता दोनदा ऐकावा, मग संहितेसह. त्यातली चारच वाक्यं निवडून आवाजाच्या पाठोपाठ म्हणावीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघावीत. शेवटी नाम बदलावं: ‘फाइल’च्या जागी ‘बिल’, ‘रिपोर्ट’, ‘रिसीट’.