सात फ्लॉप्या आणि १,७४,८४८ बाइट

मामांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक, फ्लॉपी वाचणारा त्याचा १५४१ ड्राइव्ह आणि खेळांच्या विकतच्या नऊ फ्लॉप्या एवढा ऐवज आमच्या नाशिकच्या घरी माळ्यावर पडून होता. गेल्या पावसाळ्यानंतर खोके उघडले तेव्हा दोन फ्लॉप्यांच्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले, आणि उरलेल्यांतील मजकूर वेळीच उतरवून घ्यावा असे वाटले. ओळखीतून हे काम करून देणारे एक गृहस्थ सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ भेटले. त्यांनी आपल्या यंत्राचे फोटो दाखवले, बुरशीच्या दोन फ्लॉप्या नाकारल्या, आणि बाकी सातांचे ६,५०० रुपये मी तेथेच यूपीआयने भरले. कॉपी प्रोटेक्शनचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या युक्तीचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "काका, ते सगळं निघून जाईल, तुम्ही निर्धास्त राहा." मी निर्धास्त राहिलो. वास्तविक मला जे जपायचे होते त्यात ते प्रोटेक्शनही होते.

त्या काळी कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम सदोष सेक्टर (मजकुराचा छोटा तुकडा) ठेवत किंवा नेहमीच्या शेवटच्या, ३५व्या ट्रॅकच्या (तबकडीवरच्या वर्तुळाच्या) पलीकडे काही खूण लिहीत, आणि प्रोग्रॅम सुरू होताच ती जागेवर आहे की नाही हे तपासत असे. साध्या नकलेत ती उतरत नसे, म्हणून नक्कल चालत नसे. सदोष सेक्टर वाचता आला नाही की १५४१चे वाचणारे हेड मागे जाऊन अडथळ्यावर आपटते. त्या खडखडाटाने आमच्याकडे खेळ सुरू झाल्याचे कळे, आणि आई स्वयंपाकघरातून "मोडलं वाटतं ते!" म्हणून ओरडे.

तीन आठवड्यांनी कुरिअरने फ्लॉप्या आणि एक पेन ड्राइव्ह आला. पहिलीच फाइल व्हाइस या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकासारख्या वागणाऱ्या प्रोग्रॅमवर लावली, तर पडद्यावर कुणा क्रॅक करणाऱ्या, म्हणजे प्रोटेक्शन तोडून नकला वाटणाऱ्या टोळीचे नाव रंगीत अक्षरांत सरकू लागले आणि खाली मित्रमंडळींना नमस्कार सुरू झाले. कंपनीच्या मूळ फ्लॉपीत हे असणे शक्यच नव्हते. सातही फाइली नेमक्या १,७४,८४८ बाइटच्या होत्या, म्हणजे ६८३ सेक्टर गुणिले २५६. हे डी६४ स्वरूप केवळ सेक्टरमधला मजकूर साठवते. प्रोटेक्शन टिकवायचे तर ट्रॅकवरची कच्ची नोंद ठेवणारे जी६४ स्वरूप किंवा थेट चुंबकीय बदलांची नोंद करणारी फ्लक्स फाइल लागते. क्रॅक केलेल्या अशा फाइली इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि खेळण्यापुरत्या त्या उत्तम आहेत. मीही त्या खेळलो आहे.

मग परत आलेली एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. खडखडाट झाला नाही. बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा लेबलाच्या कडेला ताजा गोंद दिसला आणि बाजूला काळी चिकटपट्टी बोटाला लागली; ती सोलल्यावर खाली लिहिण्यासाठीची खाच निघाली. आमच्या फ्लॉप्यांवर कोणी पुन्हा लिहू नये म्हणून कारखान्याने त्यांना खाच ठेवलीच नव्हती. अस्सल फ्लॉपीला हौशी संग्राहक चांगली किंमत देतात, हे मला तेव्हा आठवले.

फोनवर उत्तर मिळाले, "काका, चाळीस वर्षांच्या फ्लॉप्या त्या, खराब निघाल्या म्हणून दुसऱ्यांवर उतरवून दिल्या." त्यानंतर फोन लागला नाही. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलिसांकडे अर्जही दिला. परंतु आमच्या फ्लॉप्यांना खाच नव्हती हे दाखवणारा एकही फोटो माझ्यापाशी नव्हता. कोणाच्या घरी असा ऐवज असेल तर तो हातातून जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे, कडांसकट, फोटो काढून ठेवावेत, काम शक्यतो समोर बसून करून घ्यावे आणि फ्लक्स फाइल देणार का हे पैसे देण्याआधी विचारावे. "प्रोटेक्शन निघून जाईल" असे उत्तर आले तर तेथूनच उठावे.

नाकारलेल्या दोन फ्लॉप्या तेवढ्या अस्सल उरल्या. एकीचे वेष्टण कापून तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, दुसऱ्या स्वच्छ वेष्टणात घातली आणि एका स्नेह्याच्या ग्रीझविझल या फ्लक्स फाइल बनवणाऱ्या उपकरणावर माझ्यासमोर वाचून घेतली. तिची फाइल कित्येक एमबींची आहे, आणि ड्राइव्हमध्ये ती अजून खडखडते.