‘ब्लूटूथ हाय की त्यात’ या एका वाक्यावर गेलेले १७,००० रुपये

आमचे नाना पहाटे साडेचारला उठतात आणि गाणं लावतात. तरुणपणी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणारं गाणं रात्र रात्र बसून ऐकलेला माणूस, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरीच ऐकतो. गेल्या वर्षी आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तिची पहाटेची झोप मोडू नये म्हणून नानांनी आपणहून गाणं बंद केलं, आणि तेच मला बघवेना. ताईने दिवाळीत दिलेला ब्लूटूथ हेडफोन घरात पडूनच होता. वायफायवर गाणी वाजवणारा स्ट्रीमर घ्यायचा, टीव्ही आणि जुना ॲम्प्लिफायर त्याला जोडायचा, दिवसा स्पीकर आणि पहाटे हेडफोन, असं मी ठरवलं.

सांगलीच्या भर बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. मी अगदी स्पष्ट विचारलं होतं, “यातून ब्लूटूथ हेडफोनवर आवाज जाईल ना?” मालक म्हणाले, “ब्लूटूथ हाय की त्यात. निवांत जोडा, दादा.” १४,२०० रुपये दिले. पक्कं बिल मागितलं तर “अठरा टक्के वर पडतील” म्हणाले आणि ‘एस्टिमेट’ छापलेल्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. तिथेच मी उठायला हवं होतं. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. बिलासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला बिल द्यायचंच नसतं.

घरी आणून दोन तास खटपट केली. हेडफोन काही दिसेना. शेवटी माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडलं: ब्लूटूथ इनपुट. म्हणजे मोबाइलवरचं गाणं हा डबा घेतो, पण स्वतः कुणाला पाठवत नाही. ब्लूटूथच्या आवाजात दोन बाजू असतात, एक पाठवणारी आणि एक घेणारी. हेडफोन घेणारा. डबाही घेणाराच. दोन घेणारे एकमेकांना कधीच जोडले जात नाहीत. ‘ब्लूटूथ आहे’ हे वाक्य खरंच होतं, आणि त्याच खऱ्या वाक्यावर मला फसवलं.

परत गेलो तर चिठ्ठीखालची ओळ दाखवली, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. वर आणखी एक वस्तू गळ्यात मारली. ट्रान्समीटर, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवणारी डबी, २,८०० रुपये. “ह्यो लो लेटन्सीचा हाय, टीव्हीला पण आवाज मागं पडत न्हाई.” नाना वाट बघत होते म्हणून मी घेतला.

त्या रात्री स्ट्रीमरला ट्रान्समीटर लावून नानांना टीव्हीवर एक मैफल लावून दिली. तबलजीचा हात डग्ग्यावर पडून वर उठायचा आणि मग ‘धा’ ऐकू यायचा. दोन मिनिटांत नानांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, “राहू दे रे, समेवर येतच नाही.” मला फार वाईट वाटलं.

नंतर कळलं ते असं. आवाज मागे न पडण्यासाठी ब्लूटूथवर आवाज पाठवायची जी ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाची पद्धत लागते (उशीर साधारण ४० मिलिसेकंद), ती पाठवणाऱ्यात आणि घेणाऱ्यात, दोन्हीकडे असावी लागते. आमच्या हेडफोनच्या खोक्यावर फक्त एसबीसी आणि एएसी या दोनच पद्धती लिहिल्यात. अशा वेळी जोडणी साध्या एसबीसीवर येते आणि उशीर सहज १५० ते २५० मिलिसेकंद होतो. म्हणजे ट्रान्समीटर अस्सल असता तरी आमच्याकडे उपयोग शून्य. पण तो अस्सल तरी होता का? खोक्यावरचा एमआरपीचा स्टिकर एका कोपऱ्यात उचलला होता. ओल्या फडक्याने पुसत गेलो तर खाली छापलेली किंमत निघाली, ९९९. कंपनीने छापलेली किंमत झाकून वर जास्त किमतीचा स्टिकर लावता येत नाही. याची तक्रार वैधमापन विभागाकडे (वजन-मापं आणि छापील किमती तपासणारं सरकारी खातं) करता येते. मी फोटो काढून ठेवले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि स्टिकरचे फोटो एवढंच माझ्याकडे होतं. यूपीआय नसतं तर खरेदी केल्याचाच पुरावा उरला नसता. नऊ दिवसांनी दुकानातून फोन आला आणि ट्रान्समीटरचे २,८०० परत मिळाले. स्ट्रीमरबद्दल मात्र ‘माल चांगला आहे’ एवढंच उत्तर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. माझा डबा बिघडलेला नाही, खोटं सांगून विकलेला आहे, त्यामुळे वाद त्यावरच होणार. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कागद तयार करतोय.

तुम्ही असं काही घ्यायला जाणार असाल तर आपला हेडफोन पिशवीत घालून न्या. ‘ब्लूटूथ आहे का’ असं विचारू नका. ‘यातून ब्लूटूथ बाहेर जातं का’ असं विचारा आणि काउंटरवरच जोडून, वाजवून दाखवायला लावा. टीव्हीसाठी हवा असेल तर बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळतात का ते तिथेच बघा. नाही जोडला तर पैसे खिशातच राहू द्या.

नाना सध्या माझा जुना मोबाइल थेट हेडफोनला जोडून पहाटे ऐकतात. डबा कपाटावर, खोक्यासकट, आयोगापुढे न्यायला ठेवलाय.