घराचं काम चालू असताना अंघोळीचं पाणी: चूल, बंब की गिझर?

पाऊस सरला, दिवाळी झाली की सोलापुरात घराची कामं निघतात आणि न्हाणी फोडून होते न होते तोच थंडी पडते. जुनी वायरिंग उपटलेली, नळ बंद आणि घरातली चार माणसं अंघोळीला खोळंबलेली. अंगण किंवा परस असलेल्या जुन्या घराला माझं मत बंबाला आहे. फ्लॅटमध्ये मात्र जळणाचा विचारच नको.

पाण्यात सोडायचा रॉड आधी बाद करा. ओली फरशी, तात्पुरती वायर, अर्थिंगचा भरवसा नाही. अशा घरात तो जिवावर बेतू शकतो. गिझर चांगलाच, पण 2 किलोवॉटच्या गिझरला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो आणि तो नवी वायरिंग झाल्यावरच मिळणार. चौघांचं मिळून 80 लिटर पाणी 20 अंशांवरून 42 वर न्यायला साधारण 2 युनिट वीज जाते. बिलातल्या दराने गुणून बघा, ते काही फार नाही.

तीन विटांच्या चुलीला खर्च नाही, पण जाळ हंड्याच्या बाजूने निघून जातो. उघड्या चुलीत जळणातली जेमतेम 10 ते 15 टक्के उष्णता पाण्याला लागते. त्याच 80 लिटरला तीन ते पाच किलो लाकूड हवं. माझी खरी हरकत वेगळीच आहे. उकळता हंडा उचलून वाळूच्या ढिगातून, फुटक्या फरशांवरून न्यायचा, आणि घरात लहान मूल असलं तर तेही पायात घोटाळणार. आठवडाभराचं काम असेल तर चूल चालवून घ्या, त्याहून जास्त नको.

बंबात जाळ मधल्या नळीत आणि पाणी तिच्या भोवती, त्यामुळे कमी जळणात भागतं. हंडा उचलायला नको, तोटीखाली बादली लावली की झालं. तळाशी तुराट्या पेटवायच्या आणि मग बाभळीचं वाळलेलं लाकूड घालायचं. बाभळीचा निखारा बराच वेळ टिकतो. वरचा पत्रा चटका देत असला तरी बुडाचं पाणी कोमटच असतं. तोटी खाली, म्हणून पहिला तांब्या गार येतो. तो वरून परत ओतायचा, मग बादली भरून विसण, म्हणजे बेताचं गार पाणी, घालायचं.

तीन गोष्टी मात्र कडक पाळा. रिकाम्या बंबाखाली जाळ घालू नका, सांधे सुटतात. वरचं तोंड घट्ट बंद करू नका; वाफेला वाट नसली तर बंब फुटू शकतो. आणि दार लावलेल्या न्हाणीत तो कधीच पेटवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस न कळता बेशुद्ध पडतो.

काम चालू असलं की लाकडाचे तुकडे आयतेच मिळतात, पण प्लायवुड, सनमायका आणि रंग दिलेल्या चौकटी जाळू नका. त्यांचा डिंक आणि रंग धुरातून छातीत जातो, जुन्या रंगात तर शिसंही असू शकतं. माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं जुनं छत, उतरवलं असेल तर सागवानी तुळया आणि खांडं विकाच. त्या पैशांत वर्षभराचं जळण येईल.

काम संपल्यावरही बंब ठेवायचा असेल तर गवंड्याला आत्ताच सांगा: परसाच्या बाजूला आडोसा, धुरांड्यासाठी भिंतीत भोक आणि राख काढायला हात जाईल एवढी जागा. बंबातून न्हाणीत पाइप न्यायचा असेल तर सुरुवातीचा तुकडा लोखंडी किंवा तांब्याचा घ्या. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, साधारण 93 अंशांपर्यंतच टिकतो आणि बंबातलं पाणी उकळतं. सोलर बसवायचा विचार असेल तर गच्चीपासूनची लाइन याच कामात टाकून घ्या. एप्रिल-मेमध्ये टाकीतलंच पाणी पोळतं, तेव्हा सोलरचा उपयोग मुख्यतः हिवाळ्याचा, हे धरूनच पैसे घाला.

जुना तांब्याचा बंब घेणार असाल तर दुकानातच काठोकाठ पाणी भरायला लावा आणि सांध्यांवरून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर पुढचा बंब बघा.