तोंड लाल झालं तेव्हाच ओळखायला हवं होतं

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कापसाचा चुकारा हाती आला की आठवडी बाजाराच्या कडेला जडीबुटीवाल्यांचे तंबू लागतात. मला ८ वर्षांपासून शुगर आहे. शुगरमुळं पुरुषाला ‘तशी’ कमजोरी येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. लाजेपायी डॉक्टरांना विचारलंही नव्हतं. तंबूतल्या माणसानं नाडी धरली, “काकाजी, शुद्ध जडीबुटी आहे, काहीच साईड इफेक्ट नाही” म्हणाला आणि १० पुड्यांचे ३,५०० रुपये घेतले. ना लेबल, ना पावती.

पहिली पुडी दुधातून घेतली. पाऊण तासात कान तापले, मग गाल, मग मान. चुलीपुढं तोंड धरून बसल्यासारखं. नाक चोंदलं, डोकं ठणकायला लागलं. बायको म्हणाली, “अवो, तोंड काहून असं लालभडक झालं?” गुण आला हेही खरं, आणि तिथंच मी फसलो. पुढच्या बाजारी विचारलं, तर म्हणे, “अंगातली गरमी बाहीर पडून राह्यली.” मी आणखी १० पुड्या घेतल्या.

एका रात्री उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सकाळी ग्रामीण रुग्णालय गाठलं. डॉक्टर म्हणाले, “काका, यात सिल्डेनाफिल मिसळलेलं असणार.” ‘तशा’ कमजोरीवरचं हे इंग्रजी औषध रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून तोंडाकडं रक्त धावतं. दुकानातल्या गोळीवर २५, ५० की १०० मिलिग्रॅम ते छापलेलं असतं आणि ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. माझ्या पुडीत किती होतं, कोण सांगणार? असल्या औषधांच्या जाहिरातीलाच १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, हेही तिथंच कळलं. तंबूवर तर हातभर बॅनर होता.

मग त्यांनी विचारलं, “छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवता का?”

माझे हातपाय गार पडले. मी नाही ठेवत, पण माझे साडू ठेवतात. सॉर्बिट्रेट. आणि चांगला गुण आहे म्हणून दोन पुड्या मीच त्यांच्या खिशात घातल्या होत्या. ही दोन औषधं एकत्र झाली की ब्लडप्रेशर एकदम कोसळतं, माणूस जाऊही शकतो. अशी पुडी घेतली असेल आणि छातीत दुखलं, तर डॉक्टरांना आधी पुडीचं सांगा. तिथं लाजू नका.

रुग्णालयाच्या व्हरांड्यातूनच साडूंना फोन लावला. घरी पाहुणे होते म्हणून घ्यायची राहून गेली होती. तसाच मोटारसायकलवर गेलो आणि दोन्ही पुड्या परत आणल्या.