चिडचिड कमी करायचीय: इगतपुरी की जवळचा योगवर्ग?

घरच्यांवर उगाच खेकसणं थांबावं, माणसांशी जरा मायेनं वागता यावं, म्हणून विपश्यनेला जावं की योगवर्ग लावावा, असं अलीकडे दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय, तेवढ्यापुरतं सांगतो.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातलं शिबिर म्हणायला १० दिवसांचं, पण रजा १२ दिवसांची टाका. आदल्या दिवशी हजर व्हायचं, अकराव्या दिवशी सकाळी सुटका. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला १० तासांच्या आसपास बैठक, मोबाइल जमा. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा आणि फळं, मग थेट सकाळचा नाश्ता. फी नाही, शिबिर पुरं झाल्यावर वाटलं तर दान द्या.

करुणेसाठी जाणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं. मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, शिकवतात ती थेट दहाव्या दिवशी. त्याआधी साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुडीपाशी नुसता श्वास बघणं, आणि मग अंगभरच्या संवेदना. तिसऱ्या दिवशी माझ्या मागचे गृहस्थ सारखे घसा खाकरत होते. डोळे मिटून मी त्यांना मनात जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आर्य मौन, म्हणजे बोलणं, खाणाखुणा सगळंच बंद, असल्यानं वळून बघायचीही सोय नाही. राग छातीत तापलेल्या गोळ्यासारखा बसतो, आणि तसाच बसून राहिलात तर उतरतानाही दिसतो. माझ्या मते शिबिराची खरी कमाई हीच. घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ तासतास बसा असं सांगतात. माझं तीन आठवडे टिकलं.

योगवर्गात करुणेचं नावही कुणी काढत नाही. मी जातो तो अय्यंगार पद्धतीचा, म्हणजे आसन अगदी नेमकं जमवण्यावर भर असलेला, आठवड्यातून दोनदा. ‘गुडघा बघा, गुडघा!’ हाच तिथला मंत्र. गंमत म्हणजे पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, ३३ व्या सूत्रात, मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (म्हणजे तटस्थपणा) सांगून ठेवलीय. बौद्ध परंपरेतले चार ब्रह्मविहार, म्हणजे मनात जोपासायच्या चार भावना, हेच. वर्गात मात्र सगळा वेळ आसनांतच जातो. तरी एकदा मी दात-ओठ खाऊन बद्धकोनासनात बसलो होतो, तेव्हा बाई आल्या आणि काही न बोलता दोन्ही मांड्यांखाली घोंगडीच्या घड्या सरकवून गेल्या. त्या दिवसापासून आई खुर्चीत बसली की तिच्या पाठीशी उशी द्यायचं मला सांगावं लागत नाही. कशाचा कशाशी संबंध, पण आहे खरा.

घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्यांना दुसऱ्यावर सोपवून १२ दिवस करुणा शिकायला जाणं मला तरी विचित्र वाटतं. मानसोपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. हे दोन्ही नसेल आणि स्वतःचा राग एकदा जवळून बघायचाच असेल, तर इगतपुरीला पर्याय नाही.

बाकीच्यांनी आधी सहा महिने वर्ग लावावा, आणि घरी शवासनानंतर ५ मिनिटं मैत्रीभावना करावी: आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग अनोळखी आणि शेवटी डोक्यात जाणाऱ्यासाठी. माझी गाडी या शेवटच्यापाशी अजून अडते. सध्या तिथे पार्किंगवरून भांडणारे शेजारी आहेत.