डीएनए वंशावळ चाचणी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरातल्या आमच्या घराण्याची वंशावळ हेळव्याच्या, म्हणजे पिढीजात वंशावळी नोंदवणाऱ्याच्या, चोपडीत आहे. पण तीत लेकी-सुनांची माहेरे क्वचितच सापडतात. ती बाजू उलगडावी म्हणून मी एका परदेशी कंपनीकडून लाळेची डीएनए चाचणी करून घेतली. त्या कंपनीच्या अहवालात इतरांशी डीएनएचे नेमके कोणते तुकडे जुळले हे दाखवतच नाहीत, ही मोठी उणीव आहे. त्यामुळे चाचणीची मूळ फाइल जेडमॅच या डीएनए ताडून पाहण्याच्या संकेतस्थळावर चढवून गेले काही महिने मी निकाल तपासत आहे. चाचणी उपयुक्त आहे, मात्र अहवालात जुळलेल्या व्यक्तीच्या नावापुढे छापलेल्या नात्यावर आपल्याकडे तरी विसंबू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याचे कारण आपल्या सोयरिकींत आहे. दोघांतला सामायिक डीएनए सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. कोणत्या नात्यात किती सेंटीमॉर्गन (सीएम) जुळतात हे दाखवणाऱ्या शेअर्ड सीएम प्रोजेक्टच्या २०२० च्या तक्त्यात सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांची सरासरी ८६६ आहे, त्यांच्या मुलांची आपसांत २२९ आणि नातवंडांची ७३. हे आकडे एकाच वाटेने आलेल्या नात्याचे आहेत. माझ्या आजोबांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती. वडिलांच्या मामेभावाची अमेरिकेतली मुलगी माझ्या यादीत ३१८ सेंटीमॉर्गनने आली, तेव्हा कंपनीने तिला एक पिढी जवळची ठरवले. वस्तुतः ती आजीकडून एकदा आणि आजोबांच्या आईकडून पुन्हा एकदा माझ्या नात्यात येते. २२९ मध्ये ७३ मिळवले की ३०२ होतात आणि आकड्याचा मेळ बसतो.

पक्की खात्री झाली ती आत्याच्या नमुन्यामुळे. वडील हयात नसल्याने तो फार मोलाचा होता, आणि तिनेही सकाळचा चहा लांबवून, अर्धा तास पाण्याचा घोटही न घेता नळी भरून दिली. एखाद्याचे आई-वडील परस्परांच्या नात्यातले होते का, हे जेडमॅचवर पाहता येते. मामे-आते भावंडांच्या अपत्यात दोन्हीकडून एकसारखा आलेला भाग सरासरी सोळावा हिस्सा, म्हणजे सुमारे २२० सेंटीमॉर्गन असतो. आत्याचा २०५ निघाला.

सामायिक नातेवाइकांच्या यादीबाबतही सावध राहावे. तिसरी व्यक्ती आपल्या दोघांशी जुळते एवढ्यावरून पूर्वज एकच ठरत नाही. तिघांचा तुकडा एकाच ठिकाणी आणि आपसांतही जुळावा लागतो. सात सेंटीमॉर्गनपेक्षा लहान तुकडे मी सोडून देतो, कारण त्यांतले बरेच योगायोगाचे असतात. उलट ७३ सरासरीच्या नात्यातल्या साधारण दहांपैकी एका जोडीत काहीच जुळत नाही, म्हणून शून्य आले तरी चोपडीतले नाते खोटे ठरत नाही.

अशा कंपन्यांच्या आणि संकेतस्थळांच्या संग्रहांत भारतीय नमुने अजून थोडे असल्याने जवळची नावे मोजकीच मिळतात. चाचणीचा संच घ्यायचाच असेल, तर पहिला घरातल्या सर्वांत वयस्क माणसासाठी घ्यावा, आणि अनपेक्षित नातेही उघड होऊ शकते हे त्यांना आधी नीट सांगून त्यांची संमती घ्यावी.